दुरुस्ती झाली म्हणतात, पण झाली का? फ्लॅटच्या फेरतपासणीचं काम कसं करायचं



फोन साधारण असा येतो. "मॅडम, तुमच्या यादीतलं सगळं बिल्डरने करून दिलंय म्हणतात. एकदा येऊन नजर टाकून जाल का? पाच मिनिटांचं काम आहे."

फ्लॅट तपासणीचा व्यवसाय सुरू करणाऱ्या प्रत्येकाला हा फोन येणार. पहिली तपासणी कशी करायची, यादी कशी बनवायची, हे मागच्या दोन व्हिडिओंत आपण बघितलं. त्यानंतर सगळ्यात जास्त प्रश्न आले ते या दुसऱ्या फेरीवर. पैसे घ्यायचे का? किती? बिल्डरचा माणूस वाद घालायला लागला तर काय? कस्टमरला शेवटी "घ्या ताबा" असं सांगायचं की नाही? माझा स्वतःचा सगळ्यात मोठा फटका याच फेरीत बसलेला आहे, त्यामुळे आज जरा सविस्तर लिहिते.

ज्यांनी चॅनल नव्याने बघायला घेतलंय त्यांच्यासाठी : मोशीला आमचं हार्डवेअर आणि सॅनिटरीचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. बीबीए झाल्यावर मी गल्ल्यावर बसायला लागले. आसपास रोज नवीन टॉवर उभे राहत होते आणि ताबा घेतलेली माणसं आठवड्याभरात दुकानात येऊन विचारायची, नळातून पाणी कमी येतंय, टाइल वाजतेय, खिडकीतून पाणी येतंय. त्यातून तपासणीचं काम सुचलं. माझा आतेभाऊ डिप्लोमा सिव्हिल, साइटवर सुपरवायझर होता. तांत्रिक बाजू त्याची. कस्टमर, कोटेशन, रिपोर्ट माझ्याकडे.

आधी पैशाचं बोलू

सुरुवातीला आम्ही टू बीएचकेचे ४,००० रुपये घ्यायचो आणि दुसरी व्हिजिट फुकट. कस्टमर खूश, आम्हीही खूश. सहा महिन्यांनी मी वहीत तास मांडले. पहिल्या तपासणीला दोघांचे जाण्यायेण्याचे दीड तास, फ्लॅटमधले तीन तास, म्हणजे दोघांचे मिळून नऊ, वर रिपोर्टचे तीन. एकूण बारा तास. ताशी ३३३ रुपये. वाईट नाही. पण दुसऱ्या फेरीला परत दीड तास प्रवास, दीड तास काम, दोघांचे सहा आणि रिपोर्टचा एक. सात तास वाढले, पैसे तेवढेच. ताशी २१० झाले. आणि बिल्डरने अर्धंच काम केलेलं असलं की तिसरी फेरी, अजून सात तास. १५४ रुपये. त्यात पेट्रोल धरलेलंच नाही. दुकानात काउंटरवर बसून मी याहून जास्त कमावते.

तेव्हापासून कोटेशनवर दोन ओळी असतात. पहिली तपासणी ५,५०० रुपये. फेरतपासणी २,२०० रुपये, फक्त पहिल्या यादीतल्या मुद्द्यांची आणि त्यांच्या आजूबाजूची. फ्लॅटवर पोचल्यावर काम झालेलंच नाही, किल्ली नाही किंवा लाइट-पाणी बंद आहे असं निघालं, तर फेरी वाया गेल्याचे ८०० रुपये. हे पहिल्याच दिवशी, लेखी. नंतर सांगितलं तर कस्टमरला ते खिसा कापल्यासारखं वाटतं, आणि त्याचं चुकत नाही.

अजून एक. दुसऱ्या फेरीचे पैसे फेरीच्या आधी घ्या. तुम्ही जाऊन "दहातली चार कामं झालेली नाहीत" असं सांगितलं, की कस्टमर आधीच वैतागलेला असतो. त्या क्षणी "आता माझे २,२०० द्या" म्हणणं फार अवघड जातं. मी दोनदा न घेताच परत आलेय. आणि पैसे नेहमी घर घेणाऱ्याकडूनच. बिल्डर म्हणाला "आम्ही देतो तुमची फी", तरी नाही. त्याच्याकडून एकदा रुपया घेतला की तुमच्या रिपोर्टला किंमत उरत नाही.

(ज्यांचं आधीपासून दुकान आहे त्यांनी लक्षात ठेवा : जीएसटीची उलाढाल पॅनवर मोजतात. दुकान आणि तपासणी एकाच पॅनवर असेल तर दोन्हीची बेरीज होते, आणि दुकानाचं रजिस्ट्रेशन असेल तर तपासणीच्या बिलावरही टॅक्स लावावा लागतो. "सेवा तर थोडीशीच आहे" हे चालत नाही. सीएला एकदा विचारून घ्या.)

माझी चूक

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. रावेतच्या बाजूचा एक प्रोजेक्ट, नाव लिहीत नाही. नवरा चाकणला कंपनीत, बायको शाळेत शिक्षिका, पदरात लहान मुलगी. पहिल्या तपासणीत मास्टर बेडरूमच्या भिंतीला, बाथरूमच्या पाठीमागच्या बाजूने, स्कर्टिंगच्या वर वीतभर ओल सापडली. यादीत लिहिली. एप्रिलमध्ये फोन आला, सगळं झालंय, अक्षय्य तृतीयेला गृहप्रवेश करायचाय, लवकर या.

आम्ही गेलो. भिंत कोरडी ठणठणीत, रंग नवा. आतेभावाने मीटर लावला, आकडा घरातल्या बाकीच्या भिंतींसारखाच. साइट इंजिनियर म्हणाला, वॉटरप्रूफिंग केमिकल मारलंय, आता काही होणार नाही. मी रिपोर्टवर त्या मुद्द्यापुढे लिहिलं : झालं.

त्या रिपोर्टच्या भरवशावर त्यांनी "सर्व कामे समाधानकारक" या पत्रावर सही केली. ताबा घेतला, त्याच भिंतीला १ लाख ८० हजारांचं वॉर्डरोब करून घेतलं. जून संपता संपता ताईंचा फोन आला. आवाज चढवला नाही त्यांनी. एवढंच म्हणाल्या, "मॅडम, मुलीच्या कपड्यांना वास येतोय म्हणून खालचा खण रिकामा केला. मागची प्लाय फुगलीय. तुम्ही तर बघून गेला होतात ना?"

काय झालं होतं ते नंतर कळलं. बाथरूमच्या जमिनीत नहाणी ट्रॅपच्या भोवती वॉटरप्रूफिंग नीट बसलेलं नव्हतं. पाणी खाली संकन स्लॅबच्या भरावात मुरत होतं आणि तिथून भिंतीत चढत होतं. पहिल्या तपासणीच्या वेळी कामगार त्या बाथरूममध्ये ब्रश-डबे धूत होते, म्हणून ओल दिसली. नंतर फ्लॅटला कुलूप. दीड महिना नळ कोणी उघडलाच नाही, भिंत आपोआप सुकली. कॉन्ट्रॅक्टरने बेडरूमच्या बाजूने पुट्टी आणि केमिकल मारून रंग दिला. आम्ही गेलो तेव्हा भिंत कोरडीच असणार होती! मीटर खोटं बोलत नव्हता. रिकाम्या घरात ओल शोधायला मीटर लावून मी चुकीचा प्रश्न विचारत होते. माणसं राहायला आली, रोज तीन आंघोळी सुरू झाल्या आणि पाणी परत भिंतीत चढलं.

मी काय केलं? फी परत केली. वॉर्डरोबची मागची बाजू बदलायला प्लाय दुकानातून दिला, सुताराचे पैसे भरले. दोन्ही रिपोर्ट आणि फोटो जोडून त्यांना बिल्डरला द्यायचं पत्र तयार करून दिलं. त्यांना सगळ्यात मोठी भीती होती ती सहीची, "समाधानकारक लिहून दिलंय, आता कोण विचारतंय?" पण रेरा कायदा, म्हणजे रिअल इस्टेटचा २०१६ चा अधिनियम, त्यातलं कलम १४ (३) बघा. ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला, कामाच्या दर्जातला किंवा सुविधांमधला दोष बिल्डरच्या निदर्शनास आणला, तर त्याने तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा आहे. नाही केला तर भरपाई मागता येते. ताब्याच्या वेळी सही केली म्हणून हा हक्क जात नाही. पत्रात कलमाचा उल्लेख होता. ऑगस्टमध्ये बाथरूमची जमीन फोडून ट्रॅप नव्याने बसवला गेला. पूर्ण महिनाभर ते कुटुंब एका बाथरूमवर काढत होतं, घरात सिमेंटची धूळ, मुलगी आजीकडे.

ते टाळता आलं असतं. मी त्या दिवशी "झालं" ऐवजी दुसरा शब्द लिहायला हवा होता.

चार शेरे

त्यानंतर आमच्या फेरतपासणीच्या फॉर्मवर प्रत्येक मुद्द्यापुढे चारच शेरे असतात : झालं, अर्धवट, झालं नाही, आणि तपासता आलं नाही.

हा चौथा शेरा नवीन माणसाला लिहायला लाज वाटते. कस्टमरने पैसे दिलेत, आणि आपण "तपासता आलं नाही" लिहायचं? हो, लिहायचं, आणि कारण पुढे लिहायचं. "रंग दोन दिवसांपूर्वीचा, बाथरूम वापरात नाही, पाणी साठवून चाचणी झाल्याशिवाय सांगता येणार नाही." मग ती चाचणी कोण, कधी करणार हेही. त्या एप्रिलमध्ये एवढी एक ओळ असती तर ताईंनी वॉर्डरोब थांबवला असता.

जाण्याआधी फोनवर काय विचारायचं

अर्धी फेरतपासणी फोनवर होते. बिल्डरकडून "सगळं झालं" असं तोंडी घेऊ नका. आपल्या यादीचे नंबर तेच ठेवून, प्रत्येक नंबरपुढे काय केलं आणि कोणत्या तारखेला केलं, हे कस्टमरमार्फत मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तरी चालेल. तारीख महत्त्वाची. काल लावलेली टाइल आज ठोकून काही कळत नाही, परवा भरलेल्या गिलाव्याच्या भेगा अजून दिसायच्या असतात. तारीख फार जवळची असेल तर आम्हीच फेरी आठवडाभर पुढे ढकलतो. कस्टमर घाई करतो, मुहूर्त असतो, शिफ्टिंगचा टेम्पो ठरलेला असतो, घरभाडं आणि हप्ता दोन्ही चालू असतात. त्याची अडचण खरी आहे. तरी सांगायचं.

लाइट आणि पाणी दोन्ही चालू आहे का, हे आदल्या संध्याकाळी परत विचारा. आणि बाथरूमचा मुद्दा असेल तर आमची अट असते : आम्ही येण्याच्या दोन दिवस आधी पाणी साठवून ठेवायचं. नहाणीचं तोंड कापडाने आणि प्लास्टिकने घट्ट बंद करून जमिनीवर दोनेक इंच पाणी भरायचं, उंबऱ्याबाहेर जाणार नाही इतकं. भिंतीवर पेन्सिलने पाण्याची रेघ मारून फोटो काढायचा. २४ तास ही अगदी कमीत कमी मुदत, आम्ही ४८ धरतो. मग आम्ही आल्यावर रेघ बघतो, शेजारच्या खोलीची भिंत बघतो, आणि खालच्या फ्लॅटच्या बाथरूमचं छत बघतो. खालच्या फ्लॅटची किल्ली बिल्डरकडेच असते बहुतेक वेळा. ती आधी मागून ठेवा, ऐनवेळी "किल्लीवाला जेवायला गेलाय" हे उत्तर ठरलेलं आहे.

फ्लॅटवर गेल्यावर

जुना रिपोर्ट हातात, छापील. फोटो जिथून काढला होता तिथेच उभं राहून परत फोटो. आधीचा आणि आताचा शेजारी शेजारी ठेवले की वादाला जागाच राहत नाही.

आता मुख्य गोष्ट. दुरुस्तीचा मुद्दा बघताना त्याच्या शेजारी काय बिघडलं ते बघा. पहिल्या फेरीत आपण घर तपासतो, दुसऱ्या फेरीत घाईने केलेलं काम तपासायचं असतं. बाथरूमची पोकळ टाइल बदलली? छान. पण ती काढताना छिन्नी किती खोल गेली? खालचं वॉटरप्रूफिंग फुटलं असेल तर आधी फक्त वाजणारी टाइल होती, आता गळणारी जमीन आहे. म्हणून बाथरूमच्या जमिनीची एक जरी टाइल बदलली असेल तरी आम्ही पाणी साठवायची चाचणी परत मागतो, यादीत ती नसली तरी. पाइपची गळती काढायला भिंत फोडली असेल, तर त्या पट्ट्यातले सगळे स्विच-सॉकेट परत तपासा, आतली वायरची नळी कापली गेलेली असू शकते. दार घासून बसतं केलं असेल तर खालची फट बघा आणि घासलेल्या कडेला परत पॉलिश किंवा रंग लावलाय का ते बघा. कच्ची ठेवली असेल तर पावसाळ्यात ती कड पाणी पिऊन परत फुगते.

टाइलचं अजून एक. पोकळ टाइल बदलायला सांगितली की काही जण सांध्यातून केमिकल सोडून आवाज बंद करतात. हे चालतं का? छोट्या भागाला, हॉलच्या कोपऱ्यात, चालून जातं. पण रिपोर्टमध्ये "टाइल बदलली" असं लिहू नका, "टाइल तीच आहे, आत केमिकल भरलं आहे, आता पोकळ आवाज येत नाही" असं लिहा. कस्टमरला मान्य आहे की नाही ते त्याने ठरवावं. नवीन टाइल बसवली असेल तर शेड दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली सगळं सारखंच दिसतं.

उतारासाठी बादलीभर पाणी ओता आणि पाच मिनिटं थांबा. खरंच पाच मिनिटं. पाणी कोपऱ्यात राहतं की नहाणीकडे जातं ते डोळ्यांनी दिसतं. खिडकीच्या गळतीला सिलिकॉन मारलेलं असतं; बाहेरून पाइपने पाणी मारता आलं तर मारा, आणि स्लायडिंगच्या पट्टीतली पाणी बाहेर जायची भोकं सिलिकॉनने बुजवलेली नाहीत ना ते बघा. गळती थांबवायच्या नादात ही भोकं बंद केलेली मी कित्येकदा पाहिलीत. मग पट्टीत पाणी भरतं आणि आतच येतं.

इलेक्ट्रिकमध्ये साधा प्लग टेस्टर प्रत्येक सॉकेटला लावायचा. अर्थिंग नसणं आणि फेज-न्यूट्रल उलटे असणं, दोन्ही त्यात कळतं. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघायचं.

बीम, कॉलम, स्लॅबला भेग असेल आणि ती भरून रंगवलेली असेल, तर आपलं मत द्यायचं नाही. तिथे स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा असं लिहायचं आणि पुढे जायचं. आतेभावाला खूप काही कळतं, तरी तो लिहीत नाही.

साइट इंजिनियर आणि कॉन्ट्रॅक्टर

साइट इंजिनियर हा बहुतेक वेळा पंचविशीतला मुलगा असतो, वरून मॅनेजरचा दट्ट्या आणि खालून लेबर मिळत नाही. त्याच्याशी भांडून कस्टमरला काही मिळत नाही. मी त्याला सोबत घेऊनच फिरते, प्रत्येक मुद्दा त्याच्यासमोर बघते, आणि "तुम्ही केलं नाही" असं म्हणत नाही, "हे बघा, पाणी इथे थांबतंय" एवढंच म्हणते. शेवटी तो हजर होता याची सही घेते. मुद्दे मान्य असल्याची नाही, फक्त हजेरीची. मान्य असल्याची मागितली की तो मॅनेजरला फोन लावतो आणि दुपार जाते.

आता माझ्यासारख्या दुकानदारांसाठी. एका कॉन्ट्रॅक्टरने मला जिन्यात थांबवून सांगितलं होतं, "ताई, एवढं ताणू नका. पुढच्या दोन विंगचे नळ-फिटिंग तुमच्याकडूनच उचलतो." दोन विंगचा माल म्हणजे आमच्या दुकानाचा मोठा सीझन. खोटं कशाला बोलू, रात्री मी हिशोब करून बघितला होता. सकाळी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, घे ना ऑर्डर, पण मग तपासणी बंद कर, दोन्ही नको. मी तपासणी ठेवली. तेव्हापासून ज्या प्रोजेक्टमध्ये तपासणी करतो तिथल्या बिल्डर-कॉन्ट्रॅक्टरला माल विकत नाही. आणि कस्टमर म्हणाला "तुमचं दुकान आहेच, तुम्हीच करून द्या दुरुस्ती", तर तेही नाही, कारण मग मी माझ्याच कामाला "झालं" लिहिणार.

रिपोर्टची भाषा

त्याच दिवशी द्या, दोन पानांच्या वर नको. "वॉटरप्रूफिंग ओके आहे" असं कधीच लिहू नका, ती गॅरंटी होते आणि गॅरंटी द्यायला आपण कोण? आपण काय केलं आणि काय दिसलं ते लिहा. "४८ तास पाणी साठवले. पेन्सिलच्या रेघेवरून पातळी जवळपास तेवढीच. बेडरूमच्या भिंतीवर व खालच्या फ्लॅटच्या छतावर ओल दिसली नाही." वाचणाऱ्याला यातून सगळं कळतं, आणि उद्या काही निघालं तर तुम्ही जे पाहिलं तेच लिहिलं होतं.

"ताबा घेऊ का?" याचं उत्तर मी देत नाही. पण उरलेल्या मुद्द्यांपैकी कोणते घरात सामान आल्यावर करणं त्रासाचं आहे, ते वेगळं काढून देते. जमीन फोडणं, भिंत फोडणं, टाइल, कन्सिल्ड पाइप. हे आधी. कडी, बिजागरी, रंगाचा हात, हे नंतर झालं तरी घर चालतं. कस्टमरला निर्णय घ्यायला एवढं पुरतं.

परदेशात राहणारी मुलं आईवडिलांसाठी इथे फ्लॅट घेतात, त्यांना यातलं फार समजवावं लागत नाही. अमेरिकेत जुनं घर घेतानाही खरेदीदार स्वतःच्या खर्चाने इन्स्पेक्टर नेमतो, दुरुस्त्यांची मागणी विकणाऱ्याकडे करतो आणि व्यवहार पुरा व्हायच्या आधी परत जाऊन बघतो. आपल्याकडे रिसेल फ्लॅटमध्ये हे अजून फारसं रुळलेलं नाही. जुन्या मालकाला शेवटचा हप्ता देण्याआधी ठरलेली दुरुस्ती बघून घ्या, असं सांगत गेलात तर तिथेही काम आहे.

तिसऱ्या फेरीचं शेवटी सांगते, कारण ते हमखास विचाराल. तीही २,२०० रुपयेच, पण आम्ही फक्त "अर्धवट", "झालं नाही" आणि "तपासता आलं नाही" एवढ्याच मुद्द्यांसाठी जातो. "झालं" लिहिलेला मुद्दा परत उघडायचा असेल तर कस्टमरने नवीन फोटो पाठवायचा. चौथी फेरी आम्ही घेत नाही. तोपर्यंत प्रश्न तपासणीचा राहिलेला नसतो. तेव्हा तिन्ही रिपोर्ट तारखेनुसार लावून कस्टमरच्या हातात देतो आणि वकिलाकडे पाठवतो. फॉर्मचा नमुना पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर दाखवेन. तोपर्यंत स्वतःच्या घरातल्या बाथरूममध्ये बादली ओतून पाच मिनिटं थांबून बघा, आणि पाणी कुठे जातं ते कमेंटमध्ये लिहा.